जर्मनीत गेलेला माणूस तिथे 'मिसळतो' म्हणजे नेमकं काय होतं?

परदेशात राहणाऱ्या लोकांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, "ते लोक तिथे मिसळतच नाहीत". आपण हे तुर्कांबद्दल, अरबांबद्दल बोलतो, युरोपातले काही लोक आपल्याबद्दल बोलतात, पण मागचा समज तोच, की मिसळणं हे येणाऱ्याच्या मनावर आहे, वाटलं तर मिसळेल नाहीतर नाही. समाजशास्त्रवाले या प्रश्नाच्या मागे शंभरेक वर्षं लागलेत आणि त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माणूस नव्या देशात किती रुजतो हे त्याच्या इच्छेवर जेवढं ठरतं तेवढंच, कित्येकदा त्याहून जास्त, यावर ठरतं की त्या देशाने त्याला "तू किती दिवसांसाठी आलायस" याचं काय उत्तर दिलंय. दोन वर्षांसाठी आलायस असं सांगितलं तर तो दोन वर्षांच्या हिशेबानेच जगतो, आणि फक्त तोच नाही, त्याचा मालक, घरमालक, त्याच्या पोरांचे मास्तर सगळे त्याच हिशेबाने वागतात.

हे नीट समजून घ्यायचं असेल तर जर्मनीइतकं चांगलं उदाहरण नाही. एक तर सत्तर वर्षांचा सलग इतिहास आहे, चुका पण भरपूर झाल्यात आणि त्या मोजल्या पण गेल्यात. दुसरं म्हणजे आत्ता आपल्याकडून मुलं तिकडे निघालीत. पुण्या-मुंबईत जर्मनच्या बॅचेस भरलेल्या असतात, २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार पण केलाय. जाणाऱ्यांना व्हिसाची माहिती सगळे देतात, पण आपण ज्या देशात चाललोय त्याने आधी आलेल्यांचं काय केलं हे कुणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

तर सुरुवात १९५५ पासून. युद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने धडाधड चालायला लागले आणि माणसं कमी पडायला लागली. डिसेंबर १९५५ मध्ये इटलीशी कामगार आणायचा करार झाला, १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी. ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली आणि पूर्व जर्मनीतून येणारे लोक एका रात्रीत थांबले, त्यामुळे त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला तुर्कस्तानशी करार. मग मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, १९६८ मध्ये युगोस्लाव्हिया. या लोकांना नाव पडलं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार.

इस्तंबूलमध्ये जर्मनीने भरतीचं ऑफिसच उघडलं होतं. तिथे कपडे उतरवून रांगेत उभं करायचे, दात बघायचे, लघवी तपासायचे, हात कामाचे आहेत का बघायचे. पास झालेल्यांना ट्रेनमध्ये बसवायचे, दोन-तीन दिवसांचा प्रवास करून गाडी म्युनिकच्या मेन स्टेशनला अकरा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर लागायची, त्या प्लॅटफॉर्मखाली युद्धाच्या काळातला एक बंकर होता तिथे लोकांना न्यायचे, खायला द्यायचे आणि तिथून कुणी कोलोनला फोर्डमध्ये, कुणी रुहरच्या खाणीत, कुणी आणखी कुठे. १९६४ मध्ये कोलोनला दहा लाखावा पाहुणा कामगार उतरला, आर्मांदो रोद्रिगेस द सा नावाचा पोर्तुगीज सुतार, त्याला बँड लावून मोपेड भेट दिली. पेपरवाल्यांनी काढलेला तो फोटो आजही तिथल्या इतिहासाच्या पुस्तकांत असतो. स्वागत मनापासूनचं होतं, पण हा माणूस इथे म्हातारा होईल असा विचार त्या स्वागतात कुठेच नव्हता.

कारण ठरलेलं होतं 'रोटेशन'. तुर्कस्तानच्या करारात लिहिलेलं होतं की दोन वर्षं काम करायचं, घरी जायचं, मग नवा माणूस येणार. कुटुंब आणायची सोय त्यात नव्हती. कागदावर हे दोन्ही बाजूंना बरं वाटत होतं. पण कारखानदाराच्या बाजूने बघा. एक माणूस सहा महिने घालवून मशीन शिकला, मोडकीतोडकी का होईना भाषा शिकला, आता कुठे हात बसला आणि त्याला परत पाठवायचं, आणि नव्याने पहिल्यापासून शिकवायचं. हे कुठल्या मालकाला परवडणार? मालकांनीच ओरड केली आणि १९६४ मध्ये तुर्कस्तानच्या करारातली दोन वर्षांची अट काढून टाकली. म्हणजे हे लोक राहिले ते काही फसवून राहिले नाहीत, त्यांना राहू द्यायची गरज जर्मन उद्योगाची होती. आणि तरीही सरकार, शाळा, नगरपालिका सगळे पुढची तीस वर्षं हे लोक जाणारच आहेत असं धरून चालले.

आपल्याकडच्या लोकांचा पण यात एक तुकडा आहे. साठच्या दशकात कॅथलिक चर्चच्या ओळखीतून केरळच्या शेकडो तरुण मुली नर्स म्हणून जर्मनीत गेल्या, तिकडे दवाखान्यांत माणसं नव्हती. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्थानिक नर्सेस मिळायला लागल्या तसं यातल्या कित्येकींना परमिट वाढवून मिळेना. दहा-बारा वर्षं लोकांची सेवा केली, आणि मग तुमची गरज संपली. आज पुन्हा तिथे नर्सेस हव्यात, आणि पुन्हा केरळ, पुन्हा महाराष्ट्र. म्हणून हा जुना तुकडा लक्षात ठेवायला पाहिजे.

आता १९७३ कडे येऊ, कारण स्थलांतराच्या अभ्यासातला सगळ्यात शिकण्यासारखा प्रसंग मला हा वाटतो. तेलाचं संकट आलं, मंदी दिसायला लागली आणि २३ नोव्हेंबर १९७३ ला जर्मनीने भरती बंद केली. तेव्हा देशात साधारण २६ लाख परदेशी कामगार होते. सरकारला वाटलं आता आकडा आपोआप उतरेल, आणि कामगारांचा आकडा उतरला पण, मात्र परदेशी लोकांची एकूण संख्या उतरली नाही, १९८० पर्यंत उलट वाढली. असं का झालं? तोपर्यंत लोक ये-जा करत होते. गावाकडे जायचे, वर्षभर राहायचे, पैसे संपले की परत करार करून यायचे. १९५५ ते १९७३ मध्ये आलेल्या जवळपास १ कोटी ४० लाखांपैकी १ कोटी १० लाखांच्या आसपास लोक परत गेले सुद्धा. पण दार बंद झाल्यावर हिशेब बदलला, एकदा बाहेर पडलो तर परत आत येता येणार नाही, मग कोण बाहेर पडतंय? आणि मी जाऊ शकत नाही तर बायको-पोरांना इकडे आणतो. त्यात १९७५ मध्ये मुलांसाठीच्या भत्त्याचा नियम बदलला, गावाकडे ठेवलेल्या मुलासाठी कमी, जर्मनीत असलेल्या मुलासाठी पूर्ण. आई-बापांनी मुलं आणली. म्हणजे लोक कमी करायला केलेल्या नियमाने लोक कायमचे बसले. अमेरिकेत मेक्सिकोच्या बॉर्डरवर नेमकं हेच झालं असं डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने पुढे आयुष्यभराच्या कामातून दाखवलं. बॉर्डर कडक केल्यावर जे हंगामापुरते येऊन परत जायचे ते जायचेच थांबले, कारण पुन्हा ओलांडणं महाग आणि जिवावरचं झालं. सीमेवरची बंदी फक्त येणं थांबवत नाही, जाणं पण थांबवते. प्रत्येक देशाच्या निवडणुकीत ही गोष्ट विसरली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग पुढची पंचवीस वर्षं जर्मनी काय म्हणत राहिला? "आम्ही स्थलांतरितांचा देश नाही." हाइन्त्स क्युन नावाच्या माणसाला सरकारने परदेशी लोकांच्या प्रश्नांसाठी पहिला आयुक्त नेमलं, त्याने १९७९ मध्येच लिहून दिलं की हे लोक इथे राहणार आहेत हे मान्य करा, मुलांच्या शाळेकडे बघा, इथे जन्मलेल्यांना नागरिकत्वाचा हक्क द्या. अहवाल बाजूला पडला. उलट १९८३ मध्ये कायदा आला, बेकार परदेशी कामगाराने कायमचं परत जायचं कबूल केलं तर १०,५०० मार्क, वर प्रत्येक मुलामागे १,५०० मार्क.

या धोरणाचा सगळ्यात वाईट मार मुलांना बसला. बव्हेरियासारख्या राज्यात तुर्की मुलांचे वेगळे वर्ग होते, शिकवायचं तुर्कीत, कारण काय तर परत गेल्यावर अडचण नको. ती मुलं परत गेली नाहीत. जर्मन धड येत नाही आणि शाळेचा शिक्का जर्मन, अशा अवस्थेत ती नोकरीच्या बाजारात उतरली. राहायचं म्हणाल तर स्वस्त आणि पडीक इमारती जिथे होत्या तिथे हे लोक राहिले, बर्लिनचं क्रॉयत्सबेर्ग हे त्यातलं नावाजलेलं. तिथे गर्दी झाली म्हणून १९७५ मध्ये पश्चिम बर्लिनने क्रॉयत्सबेर्ग, टिअरगार्टन आणि वेडिंग या भागांत नवे परदेशी राहायला यायला बंदी केली, तसा शिक्का पासपोर्टवर मारायचे. आणि नंतर हेच लोक एका जागी गोळा होऊन राहतात, मिसळत नाहीत, असं म्हटलं गेलं.

खुद्द त्या लोकांच्या मनात पण परत जायचंच होतं हे पण सांगायला पाहिजे. पुढच्या वर्षी जाऊ, पोराची शाळा संपली की जाऊ, पेन्शन सुरू झाली की जाऊ. गावाकडे घर बांधून ठेवलं, जर्मनीत मात्र भाड्याच्या खोलीत जुनं फर्निचर. परत जायच्या या स्वप्नावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय, कारण ते जगभर दिसतं. गावाकडून मुंबईत गिरणीत आलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. पण जेव्हा माणूस स्वतः म्हणतो मी जाणार आणि देश पण म्हणतो तू जाणार, तेव्हा भाषेवर, शिक्षणावर, शेजाऱ्यांशी ओळखीवर कुणीच खर्च करत नाही, आणि ती बाकी पुढच्या पिढीच्या खात्यावर चढते.

आता 'इंटिग्रेशन' म्हणजे नेमकं काय, कारण हा शब्द सगळे वापरतात आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं असतं. जर्मनीतलेच समाजशास्त्रज्ञ हार्टमुट एस्सर यांनी त्याचे चार भाग पाडलेत आणि मला ते सगळ्यात सोपे वाटतात. पहिला, भाषा आणि रीतीभाती कळणं, म्हणजे पत्र आलं तर वाचता येणं, डॉक्टरला काय होतंय ते सांगता येणं. दुसरा, जागा मिळणं, म्हणजे नोकरी, शाळा, घर, हक्क, कागदपत्रं. तिसरा, लोकांशी संबंध, मैत्री, शेजार, लग्नं. आणि चौथा, हा देश माझा आहे असं वाटणं. भाषेशिवाय चांगली जागा मिळणं अवघड, जागेशिवाय बरोबरीच्या ओळखी होत नाहीत, आणि ओळखीच नसतील तर आपलेपणा कुठून येणार? राजकारणात मात्र सगळी चर्चा चौथ्या भागापासून सुरू होते. तुमची निष्ठा कुठे आहे, मॅचमध्ये कुणाला चिअर करता, घरी कुठली भाषा बोलता. ज्याला दुसऱ्या पायरीवर उभं राहू दिलं नाही त्याला चौथीबद्दल जाब विचारायचा हा मला सरळ अन्याय वाटतो.

जुन्या अमेरिकन अभ्यासकांना वाटायचं की हे सगळं काळानुसार होतंच, पहिली पिढी कष्ट करते, दुसरी शिकते, तिसरी विरघळते. युरोपातून अमेरिकेत गेलेल्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी झालं पण तसं. पण १९९३ मध्ये अलेहान्द्रो पोर्तेस आणि मिन झोऊ यांनी दाखवलं की विरघळायचं कशात हा खरा प्रश्न आहे. कुणाची पोरं मध्यमवर्गात जातात, कुणाची पोरं शहराच्या टाकून दिलेल्या भागातल्या गरिबीत जातात, आणि काहींची आपल्या समाजाचा आधार घट्ट धरून, आपली भाषा-रीत न सोडता शिकून वर येतात. आईबापांचं शिक्षण, रंग, वस्ती आणि सरकारने कसं घेतलं यावर वाट ठरते.

शाळेचंच घ्या. जर्मनीत बऱ्याच राज्यांत मूल चौथी झालं, म्हणजे साधारण दहा वर्षांचं, की त्याची वाट ठरते. गिम्नाझिउमला गेला तर पुढे युनिव्हर्सिटी, हाउप्टशूलला (ही वेगळी शाळा आता बऱ्याच राज्यांत राहिलेली नाही) गेला तर हाताची कामं. शाळा बहुतेक दुपारपर्यंतच असायच्या, म्हणजे अभ्यास घरी, आणि घरी आईला जर्मन येत नाही, बाप शिफ्टला. दहा वर्षांचं मूल जेमतेम भाषा पकडतंय तोवर निकाल लागून मोकळा. समाजशास्त्रज्ञ मॉरिस क्रुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या तुर्की कामगारांच्या मुलांची तुलना केली. आईबाप जवळपास सारखेच, खेड्यातून आलेले, कमी शिकलेले. तरी स्वीडन आणि फ्रान्समध्ये त्यांची मुलं जर्मनीतल्या मुलांच्या कितीतरी पट जास्त प्रमाणात कॉलेजपर्यंत पोचली, कारण तिथे मुलं लहानपणीच शाळेत येतात आणि वेगळं पाडणं उशिरा होतं, स्वीडनमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी. तोच समाज, तोच धर्म, तीच भाषा, फक्त शाळेचे नियम वेगळे. "त्यांच्या संस्कृतीतच शिक्षण नाही" म्हणणाऱ्यांसाठी याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही.

उगुर शाहिन यांचं नाव कोविडच्या काळात ऐकलं असेल, बायोएनटेक कंपनीचे, पत्नी ओझलेम त्युरेजी यांच्यासोबत लस काढली. वडील कोलोनला फोर्डच्या कारखान्यात. शाळेत मास्तरांनी त्यांना हाउप्टशूलला पाठवायचं ठरवलं होतं, एका जर्मन शेजाऱ्याने मध्ये पडून गिम्नाझिउमला घालायला लावलं असं सांगितलं जातं. ज्यांना असा शेजारी मिळाला नाही ती मुलं किती असतील?

आणि शिकलं तरी नोकरीत काय होतं ते डोरिस वाइक्सेलबाउमर या संशोधिकेने मोजलंय, २०१६ मध्ये ते छापून आलं. जर्मन कंपन्यांना जवळपास दीड हजार अर्ज पाठवले, शिक्षण सगळं जर्मनीतलं, अनुभव सारखा, फोटो पण एकाच बाईचा. फक्त तीन प्रकार. नाव झांड्रा बाउअर असेल तर १८.८ टक्के अर्जांना इंटरव्ह्यूचं बोलावणं. नाव मेरियेम ओझ्तुर्क असेल तर १३.५ टक्के. तेच तुर्की नाव आणि फोटोत डोक्याला स्कार्फ, तर ४.२ टक्के. भाषा आली, डिग्री आली, तरी दुसऱ्या पायरीचं दार इतकंच उघडतं. इंटिग्रेशन ही दोन बाजूंनी चालायची गोष्ट आहे असं भाषणात सगळे म्हणतात, दुसऱ्या बाजूने चालायचं म्हणजे काय हे या आकड्यांत दिसतं.

नागरिकत्वाची गोष्ट थोडी सावकाश सांगतो. जर्मनीचा कायदा १९१३ चा, रक्ताच्या नात्यावर उभा. त्यामुळे नव्वदच्या दशकात काय दिसायचं, रशिया, कझाकस्तान, पोलंड, रोमानियामधून पिढ्यान्पिढ्या तिकडे राहिलेले जर्मन वंशाचे लोक यायचे, १९९० या एका वर्षात जवळपास ४ लाख आले, कित्येकांना जर्मन बोलता येत नव्हतं, तरी ते नागरिक. आणि कोलोनमध्ये जन्मलेला, कोलोनच्याच बोलीत भांडणारा तुर्की कामगाराचा मुलगा मात्र परदेशी. त्याच काळात, नोव्हेंबर १९९२ मध्ये म्योल्न गावात आणि मे १९९३ मध्ये झोलिंगेनला नव-नाझींनी तुर्की कुटुंबांची घरं पेटवली, म्योल्नला तीन आणि झोलिंगेनला पाच बायका-मुली गेल्या. पहिला मोठा बदल झाला १ जानेवारी २००० ला, आई किंवा बाप आठ वर्षं कायदेशीर राहिलेला असेल तर मूल जन्माने जर्मन. पण अट, तेविसाव्या वर्षापर्यंत दोनातलं एक नागरिकत्व निवड. ती अट २०१४ मध्ये बहुतेकांसाठी गेली. आणि जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व सगळ्यांना, पाच वर्षांत अर्ज करता येतो. त्यात एक कलम मला मनापासून आवडलं, पाहुणे कामगारांच्या पिढीला भाषेची लेखी परीक्षा नको, बोलता येतं एवढं पुरे. साठ वर्षं उशिरा, पण कायद्याने मान्य केलं की यांना शिकवायची तजवीज आपणच केली नव्हती. विशेष प्रगती केलेल्यांना तीन वर्षांत नागरिकत्व द्यायची सोय पण होती, ती २०२५ मध्ये नव्या सरकारने काढून टाकली.

यात एक मूळचा वाद आहे. नागरिकत्व हे मिसळून झाल्यावर द्यायचं बक्षीस आहे, की मिसळायला मदत करणारी गोष्ट? तपासणार कसं, कारण जे आधीच चांगले रुजलेत तेच अर्ज करतात. पण स्वित्झर्लंडमध्ये एक विचित्र पद्धत होती, काही गावांत परदेशी माणसाला नागरिकत्व द्यायचं का यावर गावकरी गुप्त मतदान करायचे, २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ते बंद केलं. येन्स हाइनम्युलर आणि डोमिनिक हांगार्टनर यांच्या टीमने त्या जुन्या निकालांतले असे लोक शोधले जे अगदी थोड्या मतांनी पास झाले किंवा थोड्या मतांनी नापास झाले. म्हणजे माणसं जवळपास सारखीच, फरक फक्त नशिबाचा. वर्षांनंतर बघितलं तर पास झालेले लोक राजकारणात, समाजात जास्त गुंतलेले होते, आणि जितकं लवकर मिळालं तितका फायदा जास्त. मला यातून कळतं ते एवढंच, की खात्री मिळाली की माणूस गुंतवणूक करतो.

याच टीमने जर्मनीबद्दल पण एक काम केलंय, २०१८ मध्ये आलं. निर्वासितांना आल्यावर काही काळ कामाला बंदी असते. नियम बदलल्यामुळे १९९९ मध्ये आलेल्या युगोस्लाव्ह निर्वासितांना २००० मध्ये आलेल्यांपेक्षा सरासरी सात महिने जास्त बसून राहावं लागलं. फक्त सात महिने. पाच वर्षांनी दोन्ही गटांच्या रोजगारात सुमारे २० टक्के पॉइंटचा फरक होता, आणि तो बुजायला दहा वर्षांपर्यंत लागली. नवीन आलेल्या माणसाची उमेद सुरुवातीला सगळ्यात जास्त असते आणि नेमकी तेव्हाच आपण त्याला कॅम्पमध्ये भिंतीकडे बघत बसवतो, असा त्याचा अर्थ.

जर्मनी शिकला का? बराच शिकला. २००५ च्या कायद्याने पहिल्यांदा देशभर एकसारखे, सरकारी मदतीचे भाषेचे कोर्स आले, आज साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास कायदा, इतिहास, समाज. २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले, त्यांची राज्यांत वाटणी एका ठरलेल्या सूत्राने झाली, दोन तृतीयांश वजन राज्याच्या कर-उत्पन्नाला आणि एक तृतीयांश लोकसंख्येला. कोर्स, कामाची परवानगी आधीच्या मानाने लवकर, आणि सात-आठ वर्षांत त्यातले साठ टक्क्यांहून जास्त लोक कामाला लागले. बायकांचं प्रमाण मात्र पुरुषांच्या निम्म्याहून कमी, कारण पाळणाघरात जागा नाही म्हणून कोर्सला जाता येत नाही, कोर्स नाही म्हणून काम नाही.

दुसरी बाजू पण ऐकायला हवी. ताण खरा आहे, शहरांत घरं मिळत नाहीत, शाळांना शिक्षक पुरत नाहीत, आणि छोट्या नगरपालिकांना वरून माणसं येतात पण पैसे वेळेवर येत नाहीत. रूड कोपमान्स यांच्यासारखे अभ्यासक म्हणतात की उदार भत्ते आणि "तुमचं तुम्ही जपा" असं धोरण एकत्र आलं, जसं एकेकाळी नेदरलँड्समध्ये, तर भाषा शिकायची गरजच उरत नाही आणि लोक कडेला पडतात. हे मला पटतं, भाषेचा आग्रह धरायलाच हवा. पण आग्रह धरायचा तर क्लास, वेळ आणि पाळणाघर पण द्यावं लागतं. आणि सगळं करूनही राजकारण उलटं फिरू शकतं, २०२० मध्ये हानाऊला एका वंशद्वेष्ट्याने स्थलांतरित कुटुंबांतल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या, फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरविरोधी एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं पडली.

आता आपल्या मुलांचं. भारतीयांना जर्मनीने मोठ्या प्रमाणावर बोलावलं ते २००० मध्ये, आयटीसाठी 'ग्रीन कार्ड' काढून, मुदत पाच वर्षं. तेव्हा तिथल्या एका मोठ्या नेत्याच्या प्रचारात घोषणा झाली, "किंडर श्टाट इंडर", भारतीयांऐवजी मुलं, म्हणजे भारतीय कशाला, आपलीच पोरं शिकवा. तो ती निवडणूक हरला, पण २०,००० परमिट ठेवलेली ती सुद्धा पूर्ण गेली नाहीत. पाच वर्षांनी काय हे ज्याला माहीत नाही तो हुशार माणूस दुसरा देश निवडतो. आजचं चित्र खूप वेगळं आहे, शिकलेल्या, चांगल्या पगाराच्या लोकांसाठी ब्लू कार्ड हा परवाना आहे, जून २०२४ पासून नोकरी शोधायला जाण्यासाठी पॉइंटवर चालणारं चान्सेनकार्ट आहे, भारतीयांसाठी कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २०,००० वरून ९०,००० करायचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. आणि तिथे फुल टाइम काम करणाऱ्या भारतीयांचा मधला पगार जर्मन नागरिकांपेक्षाही वर आहे.

पण हे चित्र इंजिनिअरांचं आहे. बाडेन-व्युर्टेंबर्गच्या करारातून जाणारा इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर किंवा नर्स १९६१ च्या माणसाच्या जास्त जवळचा आहे. एजंटला आणि सरकारी माणसाला पण पगार किती हे विचारण्याआधी विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. माझं सर्टिफिकेट तिथे पूर्ण मान्य होणार की अर्धं, अर्धं असेल तर तोपर्यंत मी कुठल्या पदावर आणि किती महिने? मालक सुटला तर परमिट राहतं का, दुसरा मालक शोधायला किती वेळ? कायमच्या परवान्याचा रस्ता या व्हिसावरून जातो का? ब्लू कार्डवाल्याला बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं, जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत तो मिळू शकतो, बाकी कुशल कामगारांना साधारण तीन वर्षं. नागरिकत्वाचा विचार असेल तर हे पण माहीत हवं की जर्मनी आता दोन पासपोर्ट चालवते पण भारत चालवत नाही, जर्मन घेतला की भारतीय सोडावा लागतो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं पण मतदान गेलं.

आणि सगळ्यात कमी विचारलं जातं ते जोडीदाराबद्दल. बरीच जोडपी अशी जातात की नवऱ्याने किंवा बायकोने बी-टू, म्हणजे बी-वनच्या वरची भाषेची पातळी, केलंय आणि दुसऱ्याने काहीच नाही, कारण काही परमिटवर जोडीदाराला आधी परीक्षा लागत नाही. मग एक जण कामावर माणसांत आणि दुसरा घरात चार भिंतींत, मुलाच्या शाळेची चिठ्ठी वाचता येत नाही, आणि चौथीत त्या मुलाची वाट ठरणार असते. क्लास दोघांनी लावा, निघायच्या आधी लावा, आणि मूल लहान असेल तर तिकडे पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, वेटिंग लिस्टमध्ये त्याचं नाव घाला.